दवाखान्याच्या वाऱ्या आणि दप्तराची साक्ष



गेल्या वर्षभरात आपण डॉक्टरांकडे किती वेळा गेलात आणि रुग्णालयात किती रात्री काढल्यात, असा प्रश्न कोणी घरी येऊन विचारला, तर आपण सर्वथा प्रामाणिकपणे दिलेले उत्तरही दप्तराशी जुळेलच, अशी खात्री देता येत नाही. आणि आरोग्यखात्याच्या खर्चाची आखणी जर अशाच लक्षावधी उत्तरांच्या आधारे व्हायची असेल, तर ही तफावत किती आणि कोणत्या दिशेची, याचा छडा लावणे अगत्याचे ठरते.

अमेरिकेत १९५७ साली घरोघर जाऊन प्रकृतिमानाची चौकशी करणारी राष्ट्रीय पाहणी सुरू झाली. मिशिगन विद्यापीठातील चार्ल्स कॅनेल आणि त्यांचे सहकारी यांनी, ज्यांचा रुग्णालयातील मुक्काम दप्तरावरून आधीच निश्चित ठाऊक होता अशा माणसांच्या घरी मुलाखतकार पाठवून जे निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध केले, ते आजही मननीय आहेत. घरी परतल्यावर दहा आठवड्यांच्या आत विचारणा झाली, तर शंभरांतले सुमारे ३ मुक्काम सांगायचे राहत. परंतु मध्ये ५१ ते ५३ आठवडे लोटले असले, म्हणजे हेच प्रमाण ४२ वर जाई. बाळंतपण सहसा कोणी विसरत नसे. एका दिवसाचा मुक्काम मात्र सहज निसटे. ज्या व्याधीचे नाव चारचौघांत घेण्याचा संकोच वाटतो, तिचे उपचार उत्तरांतून अधिक गळत. आणि रुग्णाऐवजी घरातील दुसरेच माणूस बोलले, तर गळती आणखी वाढे.

न्यूयॉर्कमधील ‘हेल्थ इन्शुरन्स प्लॅन’ या विमा योजनेच्या सभासदांची उत्तरे योजनेच्या डॉक्टरांनी केलेल्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हाही असाच क्रम आढळला: ज्या दुखण्यापायी सभासद वारंवार डॉक्टरांकडे गेला, ते त्याच्या तोंडून येई, एखाददुसऱ्या भेटीत मिटलेले दुखणे पुष्कळदा येत नसे. पुढे वृद्धांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याच्या दाव्यांशी उत्तरे ताडणाऱ्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही रुग्णालयातील रात्री बऱ्याच अचूक सांगितल्या गेल्या होत्या; तातडीच्या विभागातील फेऱ्या मात्र सुमारे एक तृतीयांशाने आणि डॉक्टरांच्या साध्या भेटी सुमारे एक पंचमांशाने कमी भरल्या.

या विस्मरणाला लबाडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याला नियम आहे, आणि ज्याला नियम आहे त्याची वजावट हिशेबात धरता येते. शिवाय विम्याचे दप्तर हेच अंतिम सत्य, असेही मानू नये. कारण ते देयक मंजूर करण्यासाठी लिहिलेले असते, रुग्णाची हकीकत सांगण्यासाठी नव्हे. ज्या उपचाराचे पैसे विमा देत नाही, त्याची तेथे नोंदच होत नाही.

आपल्याकडे तर दप्तराची ही उणीव फारच मोठी आहे, म्हणून माणसांच्या आठवणीवरच अधिक विसंबावे लागते. आपली राष्ट्रीय नमुना पाहणी रुग्णालयातील मुक्कामाविषयी मागील ३६५ दिवसांचे विचारते, पण बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या उपचारांविषयी केवळ १५ दिवसांचे. आणि मोठा प्रसंग दीर्घकाळ स्मरतो, लहान लवकर पुसला जातो, हे ध्यानात घेता हा भेद मला योग्यच वाटतो. खेड्यातील एखादी वृद्धा खाजगी डॉक्टरला रोख फी देऊन, इंजेक्शन टोचून घेऊन घरी परतते, तेव्हा त्या भेटीचा कागद विमा कंपनीत नसतो आणि पुष्कळदा तिच्या घरीही नसतो. तिच्या वतीने तिच्या मुलाने उत्तर द्यावे आणि तेच रुजू धरावे, ही घाई कोणत्याही पाहणीने करू नये. ती शेतावर गेली असेल, तर मुलाखतकाराने संध्याकाळी पुन्हा त्या घरी जावे, आणि त्या दुसऱ्या फेरीसाठी लागणारा वेळ व भत्ता पाहणीच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा.