ही व्हील्स का घेतलीस?

(या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो, जवळपास तसाच ठेवलाय.)

आजचा एपिसोड गाड्यांवर आहे. पण मायलेज किती देते, सनरूफ आहे का, असला रिव्ह्यू नाहीये हा. गाडीतलं काही कळत नसेल तरी ऐका, कारण चार वर्षांपूर्वी मलाही काही कळत नव्हतं. आणि न कळता हौस केली की काय होतं, तेच आज सांगणार आहे.

मी कोल्हापूरचा. बीटेक झालं, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली आणि कंपनीने कॅलिफोर्नियाला पाठवलं. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला टॉरन्स नावाचं शहर आहे, तिथे राहतो. ऑफिसमधल्या बाकीच्या भारतीय पोरांनी शहाण्यासारख्या कॅमरी-कोरोला घेतल्या. मी घेतली 1995 ची होंडा सिव्हिक. तीन दरवाजांची हॅचबॅक, दीड लिटरचं इंजिन, 102 हॉर्सपॉवर, रंग उडालेला. घरी व्हिडिओ कॉलवर दाखवली तर मामा म्हणाला, "काय लेका, एवढं लांब जाऊन माझ्यापेक्षा जुनी गाडी घेतलीस व्हय?"

आता ही गाडीच का, हे सांगायचं तर इथला 'इम्पोर्ट सीन' काय आहे ते आधी सांगावं लागेल. आपल्याकडे 'इम्पोर्टेड गाडी' म्हटलं की डोळ्यांपुढे एखाद्या बिल्डरची नाहीतर नटाची कोटभराची गाडी येते. इथे उलटं आहे. 80 आणि 90 च्या दशकात अमेरिकेत 'इम्पोर्ट' म्हणजे प्रामुख्याने जपानी गाड्या. स्वस्त, छोट्या, पेट्रोल कमी पिणाऱ्या. आईने दहा वर्षं बाजारहाटाला वापरून मग पोराला दिलेल्या. खरी गाडी म्हणजे आठ सिलिंडरची, धडधडणारी अमेरिकन गाडी, असं सगळे मानायचे आणि सिव्हिकवाल्यांना हसायचे.

आणि ही सिव्हिकवाली पोरं कोण होती? बरीचशी जपानी, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी घरांतली. जन्म अमेरिकेतला, पण शाळेत 'तू मूळचा कुठला?' हा प्रश्न रोजचा. होंडाचं अमेरिकेतलं मुख्यालय टॉरन्समध्ये, शेजारच्या गार्डिनामध्ये तेव्हा निस्सानचं. म्हणजे सगळं एकाच पट्ट्यात. या पोरांनी त्याच हसण्यावारी नेलेल्या गाड्या उघडल्या, जपानहून पार्ट मागवले, रात्ररात्र जागून इंजिनं बदलली. 1990 च्या सुमारास फ्रँक चोई नावाच्या तरुणाने 'बॅटल ऑफ द इम्पोर्ट्स' नावाच्या ड्रॅग शर्यती सुरू केल्या. फक्त इम्पोर्ट गाड्यांसाठी. 1998 मध्ये 'व्हाइब' मासिकात केनेथ ली याचा न्यूयॉर्कच्या रेसर्सवरचा 'रेसर एक्स' हा लेख आला आणि त्यातूनच पुढे 2001 चा 'द फास्ट अँड द फ्युरियस' निघाला. तो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, मला माहितीये.

आणखी एक गंमत. काही जपानी गाड्या अमेरिकेत कधी विकल्याच गेल्या नाहीत. उदाहरणार्थ निस्सान स्कायलाइन जीटी-आर. 1988 च्या कायद्यामुळे अशी परकी गाडी सहजासहजी आणता येत नाही, पण गाडी 25 वर्षांची झाली की तिला सुरक्षेच्या नियमांतून सूट मिळते. म्हणून 1989 ची आर-32 आणायला 2014 उजाडावं लागलं, आणि 1999 च्या आर-34 साठी 2024. लोक अक्षरशः गाडीचा पंचविसावा वाढदिवस मोजत बसतात! त्यातही कॅलिफोर्नियात धुराचे नियम वेगळे आणि कडक, ते निस्तरायचे ते वेगळंच. पहिल्यांदा मी उजवीकडे स्टिअरिंग असलेली स्कायलाइन बघितली तेव्हा इथले लोक फोटो काढत होते. मला मात्र घरची आठवण आली.

तर मंडळी, असं सगळं वाचून, बघून मी पेटलो. आणि सुरू झालं माझं कॉपी-पेस्ट.

जे कोड लिहितात त्यांना कळेल. इंटरनेटवरून कोडचा तुकडा उचलायचा, आपल्या प्रोजेक्टमध्ये टाकायचा, चाललं की हात लावायचा नाही. कसं चाललं ते विचारायचं नाही. मी गाडीचं तेच केलं. इन्स्टाग्रामवर पाच गाड्या सेव्ह केल्या होत्या. त्यांच्यासारखी गाडी खाली बसवली, इतकी की सोसायटीच्या रॅम्पवर तिरकी चढवावी लागायची. चाकांना कॅम्बर दिला, म्हणजे चाकं वरच्या बाजूने आत झुकवली. आणि व्हील्स घेतली.

व्हील्सचं जरा सांगतो. जपानच्या रेज कंपनीचं टीई-37 नावाचं सहा आऱ्यांचं एक व्हील आहे, 1996 पासूनचं. त्यातला 37 हा आकडा वजनावरून आलाय : पंधरा इंची व्हील, वजन 3.7 किलो. ते फोर्ज्ड असतं, म्हणजे ॲल्युमिनियमचा गोळा प्रचंड दाबाखाली दाबून घडवलेलं. त्यामुळे हलकं आणि तरी मजबूत. साध्या अलॉयमध्ये वितळलेला धातू साच्यात ओततात. ओतलेली व्हील्स वाईट असतात असं नाही, गाडीबरोबर कंपनीतून येतात ती बहुतेक तशीच असतात, पण ती तपासलेली असतात. मी घेतली ती टीई-37 ची हुबेहूब नक्कल. एका खऱ्या व्हीलच्या पैशात चारही आली. त्यांच्यावर चाचणीचा कुठलाही शिक्का नव्हता आणि तो शोधायचा असतो हेही मला माहीत नव्हतं.

दर रविवारी सकाळी इथे एका पार्किंगमध्ये लोक गाड्या घेऊन जमतात. कॉफी प्यायची, बॉनेट उघडून उभं राहायचं, बास. तिथे साठीच्या घरातले एक काका येतात. जपानी-अमेरिकन, जन्म गार्डिनाचा. त्यांची 1989 ची होंडा सीआरएक्स, कॉलेजात असल्यापासून तीच. ते माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "ही व्हील्स का घेतलीस?"

मी म्हटलं, "छान दिसतात."

"ते दिसतंय. पण हीच का?"

मला उत्तर सुचेना. खरं उत्तर होतं, 'सगळ्यांकडे आहेत म्हणून.' ते काही बोलले नाहीत. मीच विषय बदलला आणि त्यांच्या गाडीतलं स्टिअरिंग एवढं पुढे का ओढलंय ते विचारलं. म्हणाले, "खांद्याचं ऑपरेशन झालं. हात लांब करून चालवता येत नाही. म्हणून हे मधलं कडं मी स्वतः बनवून घेतलं." मग त्यांची एकेक गोष्ट विचारत गेलो. प्रत्येकाला उत्तर होतं. गिअरच्या मुठीचा रंग का गेलाय, यालासुद्धा.

घरी येताना मला त्यांचा रागच आला होता. म्हातारी माणसं अशीच, आम्हाला शिकवायला बसलेली, वगैरे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, रात्री साडेदहाच्या सुमारास, 405 फ्रीवेवर मी आणि माझा रूममेट येत होतो. पुलावरचा जोड आला आणि पुढच्या उजव्या चाकातून धाडकन आवाज आला. स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं झालं. उजवीकडे ट्रक. कसंबसं सावरलं, तो ट्रक पुढे गेला आणि मी कडेला घेतली. टॉर्च लावून बघितलं तर व्हीलच्या आतल्या बाजूला वीतभर तडा. टायर अर्धवट बाहेर.

रूममेट काही ओरडला वगैरे नाही. तो कठड्याला टेकून बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "तुला माहीत होतं का, की ही डुप्लिकेट आहेत?" मी म्हटलं, "हो." पुढे चार महिने तो माझ्या गाडीत बसला नाही. बरोबरच होतं त्याचं.

गाडी टो करून आणली. टायर काढल्यावर अजून एक गोष्ट दिसली. चारही टायर आतल्या कडेने गुळगुळीत. हा कॅम्बरचा प्रताप. रेसिंगमध्ये चाक आत झुकवतात, कारण जोरात वळताना गाडी बाहेर कलते आणि मग बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट टेकतं. मी मात्र ऑफिसला सरळ रस्त्याने जाणारा माणूस. माझं चाक रोज फक्त आतल्या कडेवर पळत होतं. वस्तू तीच, पण एकाकडे कारण आहे आणि दुसऱ्याकडे फक्त फोटो.

इथे एक घोळ व्हायला नको. जे उपयोगाचं तेच चांगलं, असं मी म्हणत नाहीये. जपानमध्येच 'काइदो रेसर' नावाची स्टाइल आहे, आभाळाला भिडलेल्या सायलेन्सरच्या नळ्या, भलेमोठे स्पॉयलर. त्याचा वेगाशी फारसा संबंध नाही. आणि आपण कोल्हापूरवाल्यांनी कुणाला शिकवायचं? आमच्याकडे रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात! हौसेला मोल नसतं. पण त्या रिक्षावाल्याला विचारा, हा आरसा इथे का, हा गोंडा याच रंगाचा का. तो अर्धा तास सांगेल. त्याची हौस त्याची स्वतःची असते.

आणि दुसऱ्याकडून घ्यायचंच नाही असंही नाही. इथली पोरं सिव्हिकला जपानी मॉडेलचे दिवे, जपानी बंपर लावायला धडपडतात. तिकडे जपानमध्ये काही लोक नेमकं उलटं करतात, अमेरिकन मॉडेलचे दिवे, अमेरिकन बंपर, वर अमेरिकेतल्या राज्याची नंबरप्लेटसुद्धा सजावटीला! कंपनी एकच, गाडी एकच, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या अंगणातलं हवंय. मला हे फार गोड वाटतं. लांबून आणलेल्या गोष्टीवर माणूस असं प्रेम करतो. फक्त आणताना डोळे उघडे हवेत.

तर मी गाडी परत वर घेतली. होंडाचीच जुनी पंधरा इंची व्हील्स भंगारवाल्या यार्डातून आणली, तपासून घेतली, चाकांचं अलाइनमेंट कंपनीच्या मापाने करून घेतलं. गाडी पुन्हा साधी दिसायला लागली. रविवारी जायचं बंद केलं मी. खरं सांगू, विकायला काढली होती.

मग एक दिवस ड्रायव्हरची सीट फाटली. आतला फोम बाहेर. आणि मला मामा आठवला. मामाचं हूड-कुशनचं दुकान आहे, तीस वर्षं रिक्षांच्या सीटा आणि हूड शिवतोय. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे रेक्झिनच्या कातरणांत खेळायचो. फोन केला, म्हटलं, "मामा, माप पाठवू का?"

"माप नको. जुनं कव्हर उसवून पाठव. टाके कुठं कुठं हायत ते मला बघू दे." मग विचारलं, "ऊन किती असतंय तिकडं?"

"कोल्हापूरसारखंच. गाडी दिवसभर उन्हात."

"मग काळं नको. बूड भाजंल तुझं."

उसवलेली कव्हरं एका मित्राबरोबर भारतात पाठवली. अडीच महिन्यांनी आई इकडे आली तेव्हा तिच्या बॅगेत, चटणी आणि चकलीच्या खाली, चार सीटांची नवी कव्हरं. मातकट रंग, मरून पाइपिंग, आणि पाठीवर रिक्षाच्या सीटवर असते तशी चौकटीची शिलाई. बसवताना व्हिडिओ कॉलवर मामाने मला दोन तास राबवलं. "वढ की जरा! जेवला न्हाईस का?" एका कोपऱ्यात सुरकुती राहिली. ती माझी. अजून आहे.

त्या रविवारी गेलो. काकांनी चक्कर मारली, साध्या व्हील्सकडे बघितलं, काही बोलले नाहीत. मग दार उघडून वाकले आणि शिलाईवरून अंगठा फिरवला. "हे कुणी केलं?"

मग मी सांगत बसलो. मामा, दुकान, ऊन, रिक्षा, आईची बॅग. माझी कॉफी गार झाली. शेवटी त्यांनी विचारलं, "सीआरएक्सच्या सीटा करेल का तो?" मामाला सांगितलं तर म्हणाला, "कव्हर उसवून पाठव म्हणावं." सध्या ती कव्हरं कोल्हापुरात आहेत. रूममेटही आता गाडीत बसतो, पण टायर बघून मगच.

जाता जाता एक महत्त्वाचं. हे ऐकून उद्या लगेच गाडी कापायला घेऊ नका. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलंय. सायलेन्सर काढून रात्री गल्लीत फटफट करणं ही तर हौस नाहीच, तो शेजाऱ्यांचा छळ आहे. पण सीट कव्हर, स्टिअरिंगची शिलाई, आतली निगा, यात करण्यासारखं खूप आहे. आणि व्हील्स घेणार असाल तर चाचणीचा शिक्का बघा, प्लीज. पैसे नसतील तर थांबा. मी थांबलो नव्हतो.

तुमच्या गाडीत, सायकलीत, अगदी स्कूटीवर, अशी एखादी गोष्ट आहे का, जिच्या 'का'ला तुमच्याकडे स्वतःचं उत्तर आहे? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू. गाडी हळू चालवा.