लहान वस्तू, मोठी साक्ष



जुन्या वस्तू जमवण्याचा नाद पुष्कळांना असतो. कोणी नाणी जमवतो, कोणी पोस्टाची तिकिटे, तर कोणी अडकित्ते. अमेरिकेत काही माणसे जुने टी. व्ही. जमवतात. तिथे ओहायो राज्यात हिलियर्ड नावाचे गाव आहे. त्या गावी जुन्या टी. व्ही. संचांचे एक संग्रहालयच आहे. या नादी लोकांतले काही जण आणखी चोखंदळ असतात. ज्या संचांबरोबर अगदी पहिले रिमोट निघाले, तेच संच ते शोधतात.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, भंगारात जाणारी ती खोकी. ती जपून काय मिळायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सांगण्याआधी या रिमोटांची गोष्ट ऐका.

पूर्वी टी. व्ही. वरचे चॅनेल बदलायचे तर जागचे उठावे लागे. संचावरचे गोल बटण हाताने फिरवावे लागे. आपल्याकडे मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरची कित्येक वर्षे आपणही असेच उठत होतो. खरे म्हणजे आपण बसून राहायचो आणि पोरांना उठवायचो! अमेरिकेत मात्र यावर तोड काढण्याचा उद्योग फार आधी सुरू झाला. शिकागो शहरात झेनिथ नावाची कंपनी होती. तिने तीन प्रयत्न केले.

पहिला प्रयत्न १९५० सालचा. त्याचे नाव 'लेझी बोन्स', म्हणजे आपल्या भाषेत 'आळशीराम'. हातात एक छोटी डबी आणि डबीपासून टी. व्ही. पर्यंत लांब वायर. डबीचे बटण दाबले की संचातली मोटार चॅनेलचे चाक फिरवी. काम होत असे. पण वायर खोलीभर पसरलेली. येता-जाता माणसे तिला अडखळत. सोय झाली आणि तिच्याबरोबर गैरसोयही आली.

दुसरा प्रयत्न १९५५ सालचा. त्याचे नाव 'फ्लॅश-मॅटिक'. हा वायरशिवाय चालणारा टी. व्ही. चा पहिला रिमोट. तो पाहिला तर तुम्हाला पिस्तूल वाटेल. खरे तर ती एक बॅटरी होती, आपण रात्री रानात नेतो तशीच. टी. व्ही. च्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे बसवलेले होते. ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल त्याप्रमाणे काम होई. एका कोपऱ्याने चित्र चालू-बंद, दुसऱ्याने आवाज बंद. उरलेल्या दोहोंनी चॅनेल पुढे किंवा मागे. कंपनीच्या मालकांना जाहिरातींचा भारी तिटकारा होता. जाहिरात लागली की झोत मारा आणि तिचे तोंड बंद करा, अशी ती युक्ती!

पण एक अडचण निघाली. खिडकीतून ऊन आले आणि कोपऱ्यावर पडले, की टी. व्ही. ला वाटे मालकाने हुकूम दिला. मग चॅनेल आपोआप फिरू लागे. ते डोळे बिचारे! सूर्याचा प्रकाश कोणता आणि बॅटरीचा कोणता, हे त्यांना काय ठाऊक?

तिसरा प्रयत्न १९५६ सालचा. त्याचे नाव 'स्पेस कमांड'. आता प्रकाश सोडून आवाजाचा उपयोग केला. शाळेच्या घंटेवर टोला मारला की घंटा थरथरते आणि नाद निघतो. तसेच इथे केले. रिमोटच्या डबीत ॲल्युमिनियमच्या चार छोट्या कांड्या होत्या. त्यांच्या लांबीत थोडा-थोडा फरक. बटण दाबले की चिमुकली हातोडी कांडीच्या टोकावर आपटे. कांडी सेकंदाला सुमारे चाळीस हजार वेळा थरथरे. माणसाच्या कानाला वीस हजारांच्या वरचे ऐकू येत नाही. पण टी. व्ही. तल्या मायक्रोफोनला ते कळे. प्रत्येक कांडीचा नाद निराळा, म्हणून प्रत्येकीचा हुकूमही निराळा.

या रिमोटला सेल लागतच नव्हते. सेल संपला तर गिऱ्हाईक म्हणेल की टी. व्ही. च बिघडला, म्हणून सेल नकोच, असे कंपनीने ठरवले होते. उणिवा यातही होत्या. संचात सहा जादा व्हॉल्व्ह घालावे लागले, त्यामुळे किंमत शेकडा तीसने वाढली. कधी किल्ल्यांचा जुडगा खळखळला तरी चॅनेल बदले. तरीही आवाजावर चालणारे रिमोट सुमारे पंचवीस वर्षे टिकले. १९८०च्या सुमारास डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे रिमोट आले आणि हे मागे पडले.

आता या वस्तू करणाऱ्या माणसांकडे वळू.

'स्पेस कमांड' करणारे रॉबर्ट ॲडलर. ते व्हिएन्ना शहरातले. तिथल्या विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे डॉक्टर. मोठे विद्वान. 'फ्लॅश-मॅटिक' करणारे युजीन पोली. यांच्यापाशी पदवी नव्हती. १९३५ साली ते झेनिथच्या गोदामात साध्या नोकरीला लागले. तिथून शिकत शिकत, काम करत करत वर चढले आणि इंजिनियर झाले.

ॲडलर यांचा रिमोट पुष्कळ वर्षे चालला. म्हणून लोक त्यांनाच रिमोटचे जनक म्हणू लागले. पोली यांचे नाव मागे पडले. हे त्यांना खुपत असे आणि ते तसे बोलूनही दाखवत. १९९७ साली दोघांना मिळून एमी पुरस्कार देण्यात आला. ॲडलर २००७ साली वारले, पोली २०१२ साली. दोघांचेही काम मोठे, यात शंका नाही. पण वायर आधी कोणी काढून टाकली? गोदामातून वर आलेल्या माणसाने.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो. ही खोकी का जपायची? कारण ती साक्ष देतात. ज्या संचाच्या कोपऱ्यांत ते चार डोळे आहेत, तो संच पोली यांचा साक्षीदार आहे. तो भंगारात गेला की साक्ष गेली. तोंडचा शब्द विरतो, कीर्ती ज्याच्या-त्याच्या मर्जीने फिरते. वस्तू मात्र जशी होती तशी उभी राहते.

पण या कामात एक मोठी अडचण असते. टी. व्ही. मोठा, म्हणून तो कोपऱ्यात तरी पडून राहतो. रिमोट लहान. तो कुठे टेबलाच्या खणात जातो, कुठे पोरांच्या खेळण्यांत, कुठे कचऱ्यात. संच आणि त्याचाच मूळ रिमोट एकत्र मिळणे कठीण. म्हणून जाणता संग्राहक आधी रिमोट विचारतो. कांड्या चारही आहेत ना, हातोड्या हलतात ना, संचाच्या मॉडेलशी रिमोट जुळतो ना, हे तो पाहतो. गंमत अशी, की संच मुका झालेला असतो. पण सेलच नसल्यामुळे 'स्पेस कमांड'ची हातोडी साठ-सत्तर वर्षांनीही टक् असा टोला देते.

इथे एक धोक्याची सूचना. जुना संच सापडला तर हौसेने उघडू नका आणि एकदम विजेला लावू नका. अमेरिकेचे संच १२० व्होल्टचे, आपली घरची वीज २३० व्होल्टची. शिवाय वायरीचे रबर तडकलेले असते, आतले कंडेन्सर निकामी झालेले असतात. संच पेट घेऊ शकतो. चित्राच्या नळीत हजारो व्होल्टचा दाब असतो. वीज काढल्यावरही तो काही काळ आत दबा धरून बसतो. नळीच्या आत हवा नसते. ती फुटली तर काचा सर्वत्र उडतात. हे काम जाणत्या मेकॅनिकचे. हौस गोड, पण जीव त्याहून गोड.

आणि आता शेवटचे, पण तुमच्या-माझ्या कामाचे. नुसती वस्तू ठेवली म्हणजे भागत नाही. ती कोणाची, कोणत्या सालची, कोठून आली, कशी चालायची, हे लिहून ठेवावे लागते. चांगल्या संग्राहकाजवळ वस्तूबरोबर वहीही असते. वही नसेल तर दोन पिढ्यांनी तीच वस्तू अडगळ होते.

तुम्हाला आता लिहिता येते. तुमच्या घरात जुना रेडिओ असेल, पाभर असेल, आजीचे जाते असेल. एक वही घ्या. त्या वस्तूचे नाव लिहा. ती कोणी आणली, कोणी वापरली, कोणी दुरुस्त केली, ते लिहा. करणाऱ्याचे नाव सर्वांत आधी लिहा. तेच आधी विसरले जाते.