घरच्या बागेत बियांपासून अ‍ॅस्टर



सणासुदीच्या दिवसांत पुण्याच्या गुलटेकडी बाजारात अ‍ॅस्टरच्या जांभळ्या, गुलाबी व पांढऱ्या फुलांचे ढीग लागतात. सूर्यफुलाच्या कुळातील हे फूल मूळचे चीनचे. आपल्या हारांत ते रुळले; अंगणात मात्र क्वचितच आढळते. ‘बी पेरले, पण उगवलेच नाही’ ही तक्रार त्यामागे असते. दोष बहुधा मातीचा वा माळ्याचा नसून बियांच्या वयाचा असतो. अ‍ॅस्टरच्या बियांची उगवणशक्ती उष्ण व दमट हवेत वर्षभरातच झपाट्याने घटते. तेव्हा पाकीट घेताना त्यावरील सुंदर चित्रापेक्षा तारीख आधी पाहावी.

वाणांसाठी दूर जावयास नको. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील केंद्राने ‘फुले गणेश’ मालिकेतील पांढरा, गुलाबी, जांभळा असे वाण दिले आहेत. हे वाण संकरित नाहीत आणि अ‍ॅस्टरमध्ये बहुतांशी स्वपरागीभवन होते. म्हणून घरी धरलेल्या बियांपासून पुष्कळसे मूळ रंगाचेच फूल मिळते. दरवर्षी बी विकत घेण्याचे कारण उरत नाही.

पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी करावी. गाळलेली माती व कुजलेले शेणखत यांचा वीतभर उंच गादीवाफा किंवा तळाला भोके पाडलेला पत्र्याचा डबाही चालतो. बी ओळीत पेरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. बी खोल गेले की कोंब वर येत नाही. पाणी बारीक छिद्रांच्या झारीनेच घालावे. आठ-दहा दिवसांत उगवण होते आणि महिनाभरात चार-पाच पाने आली, की रोपे सायंकाळी सुमारे एक फूट अंतरावर लावावीत. जागा उन्हाची हवी. पुण्याच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबते व रोपे मर रोगाने एकाएकी माना टाकतात. यासाठी सरीवरंब्यावर लागवड करावी व त्याच वाफ्यात पुढील वर्षी अ‍ॅस्टर घेऊ नये. एवढी काळजी घेतल्यास जानेवारीत, एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते त्या सुमारास, आपले अंगणही फुललेले असेल.

सर्व फुले तोडू नयेत. निरोगी झाडांवरील काही टपोरी फुले वाळू द्यावीत, सावलीत सुकवून बी चोळून घ्यावे आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे. बाटलीवर वाणाचे नाव व वर्ष लिहावे.

शिक्षकांना एक सूचना. पेरणीपूर्वी ओल्या फडक्यात २० बिया गुंडाळून ठेवाव्यात व दहाव्या दिवशी मुलांकडून कोंब मोजून घ्यावेत. १५-१६ कोंब आले तर बी उत्तम; निम्मेच आले तर पेरणी दुप्पट दाट करावी; चार-पाचच आले तर ते बी टाकून शेजारच्या गावातील शाळेकडून ताजे मागून आणावे.