ज्यांना कोणी मोजत नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई निमंत्रण घेऊन घरी आल्या, तेव्हा त्यांनी मला विषय विचारला. मी म्हटले, "बेडूक." बाई क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "हळदीकुंकवानंतर बेडूक?" त्यांचा संकोच मी समजू शकते. माझी सारी नोकरीच अशा संकोचात गेली. सरकारी खात्यात वन्यप्राण्यांची अभ्यासक म्हणून मी काम केले, असे कळले की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "मग वाघ किती पाहिलेत?" मी बेडूक, शेकरू, वटवाघळे आणि गिधाडे मोजली, असे सांगितले की त्याचा चेहरा उतरतो.

पण भगिनींनो, हीच तर त्या कामामागची खरी गोष्ट आहे. पूर्वी शिकारीचे परवाने मिळत. ज्याची शिकार करायची, त्याच्याकडे साहेबांचे, संस्थानिकांचे आणि पुढे सरकारचे लक्ष असे. ज्याला कोणी बंदूक लावत नसे, त्याची नोंद ठेवण्याची कोणाला गरजच वाटली नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि प्राण्यांच्या याद्या तयार झाल्या. त्यांतल्या एका यादीत उंदीर-कावळ्यांबरोबर फळे खाणारी वटवाघळेही 'उपद्रवी' म्हणून बसवलेली होती. वास्तविक रात्री फुलाफुलांवर हिंडून परागीभवन करणारी आणि फळांच्या बिया लांबवर टाकणारी ही जात रानाची माळीणच म्हणायची! ती यादी कायद्यातून जायला २०२२ सालची दुरुस्ती यावी लागली.

नुसते मोजून काय होते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गिधाडांनी दिले आहे. माझ्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडांचा थवा उतरे आणि बघता बघता हाडे उरत. भरतपूरच्या अभयारण्यात १९८०च्या दशकात गिधाडांची घरटी कोणीतरी नेमाने मोजून ठेवली होती. म्हणून पुढच्या दशकात तीच घरटी ओस पडू लागली, तेव्हा बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना ते आकड्यानिशी सांगता आले. १९९० ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतील शंभरात एकसुद्धा धड उरले नाही. कारण २००४ साली जगापुढे आले. गुराला दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध टोचलेले असले आणि ते गुरू लवकरच मेले, तर त्याचे मांस खाऊन गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली आपल्या सरकारने गुरांसाठी ते औषध बंद केले. आधीची मोजणी नसती, तर 'हल्ली गिधाडे दिसत नाहीत हो' एवढे म्हणून आपण गप्प बसलो असतो.

आता आपल्या मुळशीकडे येते. ताम्हिणीचे रान २०१३ साली अभयारण्य झाले. त्या रानात आणि आपल्या देवरायांत शेकरू आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी तो हाच. उत्तरेला भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले, ते मुख्यत्वे त्याच्यासाठी. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. वीस-वीस फुटांची उडी घेत ते झाडावरून झाडावर जाते, आणि घरटे बांधते ते टोकाच्या बारीक फांद्यांत, जिथे जड शत्रूचा भार पेलत नाही. एकच शेकरू अनेक घरटी बांधते, म्हणून दहा घरटी मोजली तर दहा शेकरे आहेत असे समजायचे नसते. घरटे नवे की जुने, पाला हिरवा की वाळका, हे खाली मान दुखेपर्यंत उभे राहून पाहावे लागते. आणि रस्त्यासाठी मधली चार झाडे तोडली, की एका रानाची दोन राने होतात. आपल्याला ती फट दिसतसुद्धा नाही. शेकराच्या लेखी तिथे जग संपते.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. ती सांगण्यासाठीच मी आज उभी आहे. याच तालुक्यातील एका गावाचे नाव मी घेत नाही. तेथे देवराईच्या कडेने रस्ता रुंद व्हायचा होता. तेथे कोणते प्राणी राहतात याचा अहवाल पंधरा दिवसांत हवा होता. मी मे महिन्यात गेले. तीन दिवस हिंडले. शेकराची दोन घरटी लिहिली, पक्षी लिहिले, ओढा 'कोरडा' असे लिहिले आणि सही केली. माझ्या अहवालात एकही बेडूक नव्हता, कारण मे महिन्यात बेडूक जमिनीखाली असतो. दोन घरट्यांची झाडे वाचली. ओढा मात्र मुरूम टाकून बुजवला गेला. कोरड्या ओढ्यात वाचवायचे काय होते?

पुढच्या श्रावणात मी पुन्हा गेले. देवराईलगत ज्यांचे खाचर आहे, त्या आजीबाई इरले घेऊन आवणीला निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी पाऊस पडल्याव का न्हाई आलात? रातच्याला इथं बोलनं ऐकू यायचं न्हाई, इतकं बेडूक वरडायचं." मी उत्तर देऊ शकले नाही. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी मला घरी नेले, चहा दिला आणि कोणता आवाज कोठून येई, कोणता मृगात, कोणता आवणीनंतर, हे सारे सांगितले. मी तीन दिवसांत जे लिहिले नाही, ते त्यांना पन्नास पावसाळ्यांचे ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

या बेडकांचे नवल किती सांगू! पश्चिम घाटातल्या काही चिमुकल्या झुडपी बेडकांना पाण्यात अंडी घालावी लागत नाहीत. ओलसर जागी घातलेल्या अंड्यातूनच शेपटीचे पिल्लू न होता थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. अशाच एका जातीला २०१३ साली पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचे नाव मिळाले. म्हणजे ज्याला नावही नव्हते, असा प्राणी आपल्या उंबऱ्याजवळ ओरडत होता! आणि खाचरातल्या किडीचा समाचार घेणारा हा फुकटचा राखणदार आहे. आपल्याकडून बेडकांचे पाय परदेशी जात, तो व्यापार १९८७ साली बंद झाला, तो काही उगीच नव्हे.

मुळशीच्या माणसांना मी हे वेगळे सांगायला नको. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह झाला, तेव्हा धरण कोठे बांधायचे ते ठरलेले होते. ज्यांची घरे आणि शेते जाणार होती, त्यांना विचारायचे मात्र राहून गेले होते. विचारल्यावाचून बुडवणे म्हणजे काय, हे या मातीला कळते. मुके प्राणी सत्याग्रह करू शकत नाहीत, एवढाच काय तो फरक.

म्हणून माझी दोनच मागणी आहेत. पहिली गोठ्यातली. जनावर दुखणाईत झाले, तर औषध टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा, "हे गिधाडाला चालते ना?" मेलॉक्सिकॅम नावाचे औषध गिधाडांना बाधत नाही, असे दिसून आले आहे. ते चालण्याजोगे असेल, तर तेच मागा.

दुसरी मागणी वहीची. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावात एक समिती आणि एक नोंदवही असायला हवी. २००४च्या नियमांत त्या समितीत निदान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे घातले होते. ग्रामसभेत विचारा, आपल्या गावची वही कोठे आहे? कपाटात असेल तर बाहेर काढा. कोरी असेल तर लिहा. मृगाचा पहिला पाऊस कधी पडला, ओढ्यावर पहिला आवाज कधी उठला, शेकराचे घरटे कोणत्या झाडावर आहे, एवढे तारखेनिशी लिहिले तरी पुरे. लिहिता येत नसेल त्या आजीला शेजारी बसवा आणि नातीच्या हाती लेखणी द्या. पुढे एखादी घाईतली अधिकारी मे महिन्यात आली, आणि ओढा कोरडा आहे असे लिहू लागली, तर ती वही तिच्यापुढे ठेवा.

मला त्या वेळी अशी वही कोणी दाखवली असती, तर तो ओढा कदाचित आज वाहत असता.