उन्हाळ्यात चालणं सोडू नका



मार्च लागला की रुग्ण सांगतात, "डॉक्टर, ऊन तापलंय, आता पाऊस पडेपर्यंत फिरणं बंद." त्यांची भीती खरी आहे. २०२३च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१पासूनच्या फेब्रुवारींच्या नोंदींत सर्वाधिक होतं. त्याच वर्षी १६ एप्रिलला खारघरच्या मैदानावर एका कार्यक्रमासाठी उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. दुपारच्या उन्हाशी खेळू नका, हे मी कळकळीनं सांगतो. पण चार महिने बसून राहणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

उष्ण हवेत रोज थोडी हालचाल होत राहिली, की एक-दोन आठवड्यांत शरीर सरावतं. घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला द्रव वाढतो, हृदयावरचा ताण हलका होतो. चालणं सोडलं की हा सराव काही आठवड्यांत ओसरतो. मग मे महिन्यात बाजारापर्यंत जायचं म्हटलं तरी माणूस गळून जातो. पुढचे उन्हाळे अधिक कडक असणार, म्हणजे सरावलेल्या शरीराची गरजही वाढणार. आणि आपली आजची स्थिती? २०२२च्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आहे.

सूर्योदयाच्या सुमारास हवा सर्वांत थंड असते, तेव्हा चाला. आठवड्याला १५० मिनिटं पुरेत, तीही दहा-दहा मिनिटांनी झाली तरी चालेल. फारच तापलं त्या दिवशी घरात, पंख्याखाली चाला.

मुंबईत, कोकणात, गोव्यात पारा ३४ वर असला तरी जपा. दमट हवेत घाम नुसता निथळतो. अंगावर वाळणारा घामच शरीर थंड करतो, खाली गळणारा नाही. तिथं वेग कमी ठेवा. विदर्भात उलट, घाम इतक्या लवकर वाळतो की अंगातलं किती पाणी गेलं ते कळतच नाही. तहानेची वाट न पाहता पाणी प्या. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

गरगरलं तर लगेच थांबा. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं तर उष्माघात समजा: सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

चालण्याचा आणखी एक फायदा आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात गाडी न काढता पायी गेलात, तर पेट्रोल वाचतं आणि त्याचा धूरही टळतो. पण त्या वाटेवर सावली हवी ना! रस्ता रुंद करताना झाडं जातात, आणि पायी जाणारा माणूसही हळूहळू दिसेनासा होतो. म्हणून पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत जाऊन शाळेच्या, बाजाराच्या, दवाखान्याच्या वाटेवर झाडं आणि पाणपोई मागा.