कंपनीचं नाव विचारायचं नाही?

कानात इअरफोन घालून पीएमपीएमएलमध्ये उभे असाल, लोकलमध्ये लटकत असाल किंवा रात्रपाळी संपवून कॅबमध्ये पेंगत असाल, तर तुमचं स्वागत. आजचा विषय मला गेले पाच महिने छळतोय: टेक सपोर्टची नोकरी शोधणं. नोकऱ्या कमी आहेत, स्पर्धा आहे, ते सगळं मान्य. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे, आणि ती म्हणजे लपवाछपवी.

आधी माझं थोडक्यात सांगतो. मी मूळचा बार्शीचा. बीएस्सी कॉम्प्युटर झालो आणि पुण्यात एका सर्व्हिस डेस्कवर चौदा महिने एल-वन म्हणून काम केलं. पासवर्ड रिसेट, व्हीपीएन चालत नाही, आउटलुक उघडत नाही, प्रिंटर रुसलाय, असली तिकिटं. कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि शोध सुरू झाला. वाकडला रूम आहे, भाडं दर महिन्याला जातं, आणि धाकट्या बहिणीच्या फीचा अर्धा वाटा माझ्याकडे आहे. तेव्हा हे सगळं मी हौसेने बोलत नाहीये.

आता जाहिरात कशी असते ऐका. 'नामांकित बहुराष्ट्रीय कंपनीसाठी टेक्निकल सपोर्ट इंजिनिअर. क्लायंट : कॉन्फिडेन्शियल. पगार : बेस्ट इन इंडस्ट्री. शिफ्ट : रोटेशनल. इमिजिएट जॉइनर हवा.' यात आपल्याला नेमकं काय कळलं? काहीच नाही. कंपनी कुठली, माहीत नाही. ऑफिस हिंजवडीत की खराडीत, माहीत नाही. आणि वाकडला राहणाऱ्याला हा फरक रोजचे तीन तास पडतो!

उलट त्यांना माझ्याकडून काय हवं असतं? आधीचा पगार, तीन महिन्यांच्या पे-स्लिप, पॅन, आधार, पीएफचं पासबुक, नोकरी का सोडली, लग्न कधी करणार. हो, हेही विचारलंय. म्हणजे माझं सगळं उघडं आणि त्यांचं सगळं झाकलेलं.

घरी तर वेगळीच गंमत. आई फोनवर विचारते, "इंटरव्ह्यू झाला म्हणतोस, कुठल्या कंपनीत?" मी म्हणतो, "आई, नाव सांगत नाहीत." ती म्हणते, "अरे, स्थळ बघायला गेलं तरी आडनाव आधी सांगतात. बिननावाची कंपनी असते का कुठं?"

आता दुसरी बाजू. मी हे काय आहे ते समजून घ्यायचा प्रयत्न केला, कारण नुसती चिडचिड करून भाडं भरलं जात नाही. नाव लपवण्यामागे काही खरी कारणं असतात. मोठी कंपनी स्वतःचा सपोर्ट स्वतः चालवत नाही, ते काम एका आयटी कंपनीला देते. ती आयटी कंपनी माणसं स्टाफिंग एजन्सीकडून घेते. एजन्सी कधीकधी आणखी एका छोट्या एजन्सीला सांगते. आपल्याला फोन येतो तो या साखळीच्या शेवटच्या कडीकडून. क्लायंटशी झालेल्या करारात 'आमचं नाव वापरायचं नाही' असं कलम असू शकतं. शिवाय एजन्सीला भीती असते, की नाव कळलं तर उमेदवार थेट तिकडेच अर्ज करेल, किंवा दुसरी एजन्सी तीच जागा भरेल. हे मी समजू शकतो. धंदा आहे.

पण याच लपवाछपवीचा एक फटका आपल्याला बसतो, तो कुणी सांगत नाही. दोन वेगवेगळ्या एजन्सींनी माझा रेझ्युमे एकाच क्लायंटला पाठवला, तर क्लायंटच्या सिस्टिमला तो डुप्लिकेट दिसतो. मग कमिशन कुणाला द्यायचं हा वाद टाळायला काही ठिकाणी उमेदवारच बाद करतात. मला क्लायंटचं नावच माहीत नसेल, तर मी दुसऱ्या एजन्सीला 'इथे माझा रेझ्युमे आधीच गेलाय' हे सांगणार कसं? नाव त्यांनी लपवायचं आणि बाद मी व्हायचं.

दुसरं झाकण पगारावर असतं. क्लायंट एजन्सीला माझ्यासाठी दरमहा एक रक्कम देतो, तिला बिल रेट म्हणतात. माझा पगार त्यातूनच निघतो, आणि मधल्या प्रत्येक कडीचा वाटाही. म्हणून आपल्याला आकडा आधी सांगत नाहीत. उलट "तुमची अपेक्षा किती?" असं विचारतात. आपण कमी बोललो तर उरलेले पैसे साखळीत राहतात.

आणि आकडा सांगितला तरी तो सीटीसी असतो. एक हिशेब करू या, मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. समजा सीटीसी ३,६०,००० आहे. आपण बाराने भागतो आणि खूश होतो : महिना ३०,०००. आता बेसिक महिना १५,००० धरा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ८,६५८. व्हेरिएबल पे १० टक्के धरला तर ३६,०००, जो मिळेलच असं नाही. विम्याचे ६,००० धरा. हे सगळं वजा जाता उरतात २,८७,७४२, म्हणजे महिना साधारण २३,९७८. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला. हातात किती? २१,९७८. तीस हजार ऐकले होते, आले बावीस! (मुलींसाठी एक दिलासा, महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही.) यात कुणी खोटं बोललं का? नाही. फक्त फोड दाखवली नाही.

माझे दोन मित्र सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यांच्या जाहिराती बघा. तलाठी पदाच्या जाहिरातीत वेतनश्रेणी छापलेली असते, एस-८, २५,५०० ते ८१,१००. जागा किती, आरक्षण कसं, परीक्षा कशी, सगळं कागदावर. निकालाला उशीर होतो, पेपरफुटीच्या बातम्या येतात, त्यांचे त्रास वेगळे आहेत. पण कशासाठी मरतोय हे त्यांना माहीत असतं.

आणि जगात सगळीकडे आपल्यासारखंच आहे असंही नाही. अमेरिकेत कोलोराडो राज्यात १ जानेवारी २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगार लिहावाच लागतो. न्यूयॉर्क शहरात १ नोव्हेंबर २०२२ पासून. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम केला, की उमेदवाराला पगाराची माहिती आधी द्यायची आणि त्याचा जुना पगार विचारायचा नाही. सदस्य देशांना तो आपल्या कायद्यात आणायला ७ जून २०२६ ही मुदत दिली. आपल्याकडे खासगी जाहिरातीत पगार लिहिण्याची अशी सक्ती नाही. म्हणजे डेन्व्हरमध्ये हेडसेट घालून बसणाऱ्याला जाहिरातीतच पगार दिसतो, आणि रात्री जागून त्याच्यासारखंच काम करणाऱ्या पुण्यातल्या पोराला 'बेस्ट इन इंडस्ट्री'.

आता मुख्य प्रसंग. गेल्या महिन्यात मला एक ऑफर आली. तीन राउंड झाले. फोनवर मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन, शुक्रवारपर्यंत होकार कळवा." मी म्हटलं, "मॅडम, क्लायंटचं नाव?" "जॉइनिंगच्या दिवशी कळेल." "शिफ्ट?" "प्रोसेसवर अवलंबून." "पे-रोल कुणाचा?" "ते आमचं बघू." आणि मग हळूच, "दहावी-बारावी आणि डिग्रीची ओरिजिनल मार्कशीट जमा करावी लागतील, अठरा महिन्यांसाठी. आणि दीड लाखाचा बॉंड."

बहिणीच्या फीची तारीख जवळ होती. हो म्हणावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण ओरिजिनल मार्कशीट म्हणजे आपला हातच दुसऱ्याच्या हातात. उद्या चांगली संधी आली, तर कागद सोडवायला त्यांच्या दारात उभं राहायचं. मी ईमेल केला. पाच प्रश्न लिहिले आणि शेवटी नम्रपणे लिहिलं, की ओरिजिनल दाखवतो, झेरॉक्स देतो, पण जमा करणार नाही. दुसऱ्या दिवशी फोन. "सर, इतके प्रश्न विचारणारे कँडिडेट आम्हाला चालत नाहीत." ऑफर गेली. त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगायला लाज नाही.

बॉंडबद्दल एक सांगतो, कारण आपल्यात दोन टोकं आहेत. एक म्हणतो, बॉंडला काही अर्थ नसतो. दुसरा बॉंडच्या नावानेच थरथरतो. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ सांगतं, की कुणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल. म्हणून नोकरी सोडल्यावर 'या क्षेत्रात कामच करायचं नाही' ही अट सहसा टिकत नाही. पण ठरावीक काळ नोकरी करा, नाहीतर भरपाई द्या, हा करार टिकू शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात दोन लाखांची अशी अट वैध ठरवली. म्हणून सही करण्याआधी वाचा. 'फॉर्मॅलिटी आहे' या शब्दावर सही करू नका.

मग करायचं काय? मी जे करतो ते सांगतो.

पहिलं, मुलाखतीची मीटिंग लिंक आली की पाठवणाऱ्याचा ईमेल बघा. ॲटच्या चिन्हानंतर जे नाव असतं, ते बऱ्याचदा क्लायंटचंच असतं. कॉन्फिडेन्शियल काय नि काय!

दुसरं, एजन्सीला ईमेलवर लिहून द्या, की क्लायंटचं नाव सांगून माझी लेखी संमती घेतल्याशिवाय माझा रेझ्युमे पुढे पाठवू नये. डुप्लिकेटचा वाद झाला तर हाच ईमेल कामी येतो.

तिसरं, ज्या कंपनीच्या पे-रोलवर जाणार तिचं नाव मिळालंच पाहिजे. ते मिळालं, की ईपीएफओच्या वेबसाइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्चमध्ये टाका. त्या आस्थापनेने पीएफ कधी भरला, किती जणांचा भरला, हे तिथे दिसतं. पाचशे जण कामाला आहेत म्हणणारी कंपनी नऊ जणांचा पीएफ भरत असेल, तर तुमचं तुम्ही समजा.

चौथं, पगाराची फोड ऑफर लेटरआधी ईमेलवर मागा. आणि नियुक्तीपत्र सोडू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलंय.

पाचवं, नोकरीसाठी पैसे मागितले, मग ते रजिस्ट्रेशन म्हणा, लॅपटॉप डिपॉझिट म्हणा की ट्रेनिंग फी, फोन ठेवून द्या.

त्या ऑफरनंतर तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका एजन्सीशी बोलणं झालं. त्यांनीही क्लायंटचं नाव पहिल्या फोनवर सांगितलं नाही. पण रिक्रूटर म्हणाला, "दादा, नाव सिलेक्शननंतर सांगतो, करार आहे. बाकी विचारा." ऑफिस बाणेर, शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा, कॅब एका बाजूची, पे-रोल आमचा, नोटीस तीस दिवस, हातात साडेवीस हजार. मार्कशीट दाखवायची आणि परत न्यायची. आकडा आधीच्या ऑफरपेक्षा कमी आहे. पण मला रात्री झोप लागली. सध्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन चालू आहे, बघू.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. धंद्याचं गुपित ठेवा, हरकत नाही. पण माझी शिफ्ट, माझा पगार, माझी मार्कशीट, माझी नोटीस, हे तुमचं गुपित नाही. ते माझं आयुष्य आहे. ते विचारलं म्हणून मी उद्धट ठरत नाही.

तुमच्यासोबत असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. कंपनीचं नाव घेऊ नका, फक्त काय घडलं ते सांगा. पुढच्या भागात रात्रपाळी, झोप आणि पोटाचं गणित यावर बोलू. तोपर्यंत सांभाळून राहा, आणि सही करण्याआधी वाचा.