मीमच्या दोन ओळी आणि दोन पिढ्यांचा हिशेब

‘मीम’ ही संज्ञा जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली, अनुकरणातून माणसामाणसांत पसरणाऱ्या सांस्कृतिक घटकासाठी योजली. आज ती इंटरनेटवर हातोहात फिरणाऱ्या, चित्र आणि त्रोटक मजकूर यांच्या जोडणीला रूढ झाली असून, या जोडणीचा कला म्हणून आस्वाद घ्यायचा तर आधी रचना न्याहाळावी लागते.

२०१२ च्या सुमारास अमेरिकेत अवतरलेले ‘ओल्ड इकॉनॉमी स्टीव्ह’ हे मीम त्यासाठी उत्तम. त्यात सत्तरच्या दशकातील एका हसतमुख, केस वाढवलेल्या तरुणाचे छायाचित्र असते. वरच्या ओळीत बढाई आणि खालच्या ओळीत तिचा उलगडा येतो. एका प्रसिद्ध नमुन्यात वरची ओळ सांगते की कॉलेजची फी उन्हाळी नोकरीतून भागली, आणि खालची एवढेच सांगते की फी ४०० डॉलर होती. वरची ओळ खोटी नाही, हे या कलेचे खरे मर्म. स्टीव्हचे कष्ट खरेच असतात, पण त्या कष्टांना मिळालेला मोबदला त्या काळाचा असतो, आणि दोन ओळींमधली मोकळी जागा आजच्या वाचकाने आपल्या शैक्षणिक कर्जाच्या आकड्याने भरायची असते. स्टीव्ह ‘बेबी बूमर’, म्हणजे १९४६ ते १९६४ या काळात जन्मलेल्या पिढीचा. त्याला पाहून हसणारे बहुतांशी ‘मिलेनिअल’, म्हणजे १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेले, ज्यांतील अनेकांच्या नोकरीची सुरुवातच २००८ च्या मंदीत झाली.

असाच हिशेब पुढे घराच्या किमतीबाबतही मांडला गेला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील बांधकाम व्यावसायिक टिम गर्नर (वयाने तेही मिलेनिअलच) यांनी, पहिले घर घेताना आपण १९ डॉलरचा अव्होकॅडो टोस्ट खात नव्हतो, असे घर न परवडणाऱ्या तरुणांना सुनावले. त्यावर उसळलेल्या मीमांनी त्यांचाच आकडा हाती घेऊन घराची किंमत टोस्टमध्ये मोजली. रोजचा एक टोस्ट सोडला तरी १ लाख डॉलर साठायला १४ वर्षांहून अधिक काळ लागतो, हे साधे गणित त्या हसण्यामागे उभे आहे.

‘ओके बूमर’ हे बूमर पिढीला झटकून टाकणारे मीम त्यामानाने उणे. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत २५ वर्षांच्या खासदार क्लोई स्वॉरब्रिक यांनी हवामानविषयक भाषणात टोकणाऱ्याला या दोन शब्दांत गप्प केले तेव्हा ते जगभर गाजले. परंतु त्यात हिशेब नाही, केवळ वयाकडे बोट आहे, आणि भाड्याच्या खोलीत तुटपुंज्या पेन्शनवर जगणारा वृद्धही त्या बोटाखाली येतो. कला म्हणून स्टीव्हच सरस ठरतो.